गंगूमावशीचा अंगठा

रेडी,
१८ मे २००९

प्रिय प्रितेश,

पत्र बघून दचकू नकोस. आईची तब्येत चांगली आहे, आंबे यंदा उशिरा आले पण भरपूर आले, आणि कारखाना जागेवर आहे. लोहखनिजाचे ट्रक लाल धूळ उडवत दारावरून धावतायत, त्यामुळे पांढरा म्हणून वाळत घातलेला कपडा संध्याकाळी गुलाबी होऊन घरात येतो. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू अर्ध्यातच ‘ताई, तुला नाही कळायचं’ म्हणतोस आणि माझं डोकं फिरतं. कागदावर तुला मला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहायला बसले. लांबेल जरा, चहा घेऊन बस.

आधी एक गोष्ट साफ करते. मी संगणकाच्या विरुद्ध नाही. बाबा गेल्यावर तू पुण्यात ऑफिस थाटलंस, आपल्या काजूची वेबसाइट काढलीस, तेव्हा एसटीने सावंतवाडीला जाऊन कॉम्प्युटरचा क्लास मीच केला. ऑर्डरी आता ई-मेलने येतात, दलालाच्या दारात ताटकळत बसावं लागत नाही, याचं श्रेय तुझं, आणि ते मी चारचौघांत सांगते. कावेरीला मी टायपिंग शिकवलं. काल-परवापर्यंत बिया फोडणारी कावेरी आज गिऱ्हाइकांना उत्तरं लिहिते, लेबलं छापते, कुरिअरवाल्याला दमात घेते. कीबोर्डला तिचं नुसतं बोट लागतं, बोटावरच्या रेषा लागत नाहीत. तू मीटिंगमध्ये ‘माणसांची क्षमता वाढवायची’ म्हणतोस ना, ती माझ्या मते अशी वाढते.

माझं भांडण आहे ते दारात हजेरीसाठी बसवलेल्या अंगठ्याच्या यंत्राशी. काजूच्या टरफलातलं तेल कातडी जाळतं, हे तुला मी सांगायला नको, तू त्याच अंगणात वाढलास. वर्षानुवर्षं बिया फोडलेल्या बोटांवर रेषा कुठून उरणार? सकाळी बायका रांगेने अंगठा टेकवतात आणि यंत्र एकेकीला ‘प्लीज ट्राय अगेन’ म्हणतं. आता तर कुणी कुणाकडे पान-तंबाखू मागितली की त्याच सुरात ‘प्लीज ट्राय अगेन’ ऐकवतात आणि खिदळतात. मलाही हसू येतं. पण तुझ्या पुण्याच्या संगणकात त्या सगळ्या गैरहजर असतात.

तू हातमोजे पाठवलेस. त्यांत बी निसटते, गर फुटतो, आणि अख्ख्या गराची अर्धी पाकळी झाली की तक्रार तुझ्याकडूनच येते. खोबरेल लावून झालं, चिंचेने घासून झालं. मग मी कार्डं सुचवली, तर ‘एकमेकींची कार्डं लावतील’ म्हणालास. प्रितेश, या बायकांच्या हाती बाबा कारखान्याच्या किल्ल्या देऊन मुंबईला जायचे. ते वाक्य तू बोललास तेव्हा फोन ठेवला नाही एवढंच, पण त्या दिवशी मी जेवले नाही.

एकदा आपली सगळ्यांत जुनी फोडणारी, गंगूमावशी, लग्नाला निघाल्यासारखे हात स्वच्छ धुऊन, पुसून आली आणि तिने अंगठा टेकवला. यंत्र पुन्हा तेच बोललं. ती माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाली, “चारू, मी आसंय काय नाय ता माका इचार. त्या डब्याक कित्याक इचारतस?” तुला उत्तर सुचलं तर जरूर कळव.

आणि तुझा तो फोटो. वेबसाइटवर ‘कोकणातल्या कष्टाळू हातांनी फोडलेला काजू’ असं लिहिलंस आणि खाली कुणा कॉलेजकन्येचे मऊ हात, हिरव्या बांगड्या घालून. तो काढून गंगूमावशीचे हात मीच लावले, तिला विचारून. काळे, सालं निघालेले, नखं झिजलेली. गिऱ्हाईक बिचकेल म्हणून तू ओरडलास. एक-दोन बिचकले, खोटं कशाला सांगू. बाकीच्यांनी या हातांना काय झालं म्हणून विचारलं, आणि कावेरीने प्रत्येकाला खरं काय ते लिहिलं. जाहिरातीला ते हात हवेत पण दाखवायचे नाहीत, आणि हजेरीला तर ते हातच नकोत, हे मला पटत नाही. तू शिकलेला आहेस, मला पटवून दाखव.

तुला आठवतं? याच अंगणात आपण सीता-कावेरीबरोबर आंधळी कोशिंबीर खेळायचो. डोळ्यांवर आईचा रुमाल बांधला की तू धडपडायचास, मला सीता म्हणायचास, सीतेला कावेरी. दुपारच्या सुट्टीत गंगूमावशी मुद्दाम येऊन तुझ्यापुढे हात धरायची. तो हात मात्र तू कधी चुकला नाहीस. नुसता लागला की नाव घ्यायचास आणि तिच्या कमरेला मिठी मारायचास. तेव्हाही त्या हातावर रेषा नव्हत्या.

एक जूनपासून यंत्राचीच हजेरी धरायची, आणि यंत्रात नसलेल्या बायकांची नावं कायम कामगारांतून काढायची, असा तुझा हुकूम आला आहे. गंगूमावशी, सीता, बिया फोडणाऱ्यांची जवळजवळ सगळी रांग. जिने हा कारखाना उभा राहताना पाहिला, तिने या वयात रोजावरची म्हणून दारात उभं राहायचं. मी हे होऊ देणार नाही. कारखान्यात अर्धा हिस्सा माझा आहे, हे मी आजवर बोलून दाखवलं नव्हतं. आज दाखवते.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. शिमग्याच्या सुमारास दोघी यंत्राला कंटाळून काम सोडून गेल्या. नवीन माणूस घ्यायला तू मनाई केलीस. ऑर्डर तर जायला हवी होती, म्हणून मी गंगूमावशीच्या शेजारी फोडायला बसले. ऑर्डर गेली, पण मी उठले नाही. पहिल्या आठवड्यात बोटांची आग आग झाली, मग कातडी निघाली, मग काही वाटेनासं झालं. ‘शिस्त सगळ्यांना सारखी’ म्हणून पहिला अंगठा तूच माझा घेतला होतास ना? गेल्या आठवड्यापासून यंत्र मलाही ओळखत नाही. आणि काल तुझ्या सहीची ई-मेल आली: कु. चारुता, आपण विनापरवानगी गैरहजर आहात, लेखी कारण कळवावे. खाली बारीक अक्षरांत, या मेलला उत्तर पाठवू नये. म्हणून कागदावर कळवते आहे. कारण लिहिलं आहे. एक जूनला नावं काढायचीच असली तर माझं सर्वांत वर घाल, आणि ते काढायला स्वतः ये. यंत्राच्या दारात आम्ही सगळ्या उभ्या असू. डोळ्यांवर रुमाल बांधून आमचे हात धरून बघ, आणि एकीचंही नाव चुकलं तर खुशाल तिचं नाव काढ. खाली सहीऐवजी अंगठा दिला आहे. शाई भरपूर लावली होती, तरी नुसता डाग उठला आहे. तो माझाच आहे.

तुझीच,
ताई