कुंपणाकडची ओळ

३ डिसेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

डोळ्याला पट्टी आहे, म्हणजे हे पत्र ताई वाचून दाखवणार. ताई, काही गाळू नकोस.

कालव्याचं पाणी आता सहाऐवजी बारा दिवसांनी येतं. तरी गाजरं उगवली. रुजेपर्यंत वाफ्यांवर ओलं गोणपाट ठेवलं होतं, आता ओळींमध्ये पेंढा पसरलाय. पाणी आलं की खोल मुरेल इतकं देते, मग बारा दिवस हात लावत नाही. पाला दुपारी मान टाकतो, पण संध्याकाळी आपला आपण उभा राहतो. शेजारचे शिंपीकाका रोज सकाळी कुंड्यांना पाणी घालायची बादली घेऊन कुंपणाशी येतात, तुमची चौकशी करतात.

गाजर वीतभर झालं नाही तर शेत नर्सरीवाल्यांना द्यायचं, हे तुमचं बोलणं लक्षात आहे. मला शेत सोडायचं नाही, बाबा.

औषध वेळेवर घालून घ्या. माया आहेच, तशीच राहू द्या.

तुमची धाकटी

१२ डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र ताईने दोनदा वाचलं, तुझ्या उपदेशासकट. मान टाकलेलं रोप तुला बघवतं तरी कसं? चाळीस वर्षं मी पाला सुकू दिला नाही. इथून उंटावरून शेळ्या हाकतोय, हे कळतं मला. पण वीतभर म्हणजे वीतभर, आणि वीत माझी, तुझी नव्हे.

पुढच्या महिन्यात दुसरा डोळा. तोवर इथे ताईकडेच मुक्काम. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा बाबा
(लेखनिक ताई. या भांडणाशी तिचा संबंध नाही.)

१९ फेब्रुवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

दुसरी पट्टीही निघाली, हे वाचून जिवात जीव आला.

काल गाजरं काढली. तुमची वीत इथे नाही, म्हणून तुमचा कामाचा हातमोजा पसरून मोजली. अठरा ओळी वीतभर, काही जास्तच. कुंपणाकडची एकोणिसावी मात्र फसली. गाजरं अंगठ्याएवढी, बुटकी, दोन-दोन पाय फुटलेली. पाला तिथलाच सगळ्यात हिरवा, भर दुपारीही ताठ. बी तेच, पेंढा तोच. माती वरवर ओली का होती, ते कळलं नाही. कुठेतरी माझंच चुकलं असणार.

झाकून ठेवायचं नाही, म्हणून दोन्हीकडचं एकेक गाजर पाठवतेय. तुम्ही सांगाल ते ऐकेन, पण रडू येईल हे आधीच सांगते.

तुमची धाकटी

२६ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर माझं आहे, वाकडं असलं तरी. दोन्ही गाजरं नीट बघितली. लांबडं ताईने खाल्लं.

ती ओळ तुझी नव्हे, माझी. निघताना शिंपीकाकांना गुपचूप सांगून आलो होतो, की पोरीच्या नादात सगळं वाळेल, ही एक ओळ तरी रोज दोन बादल्या टाकून जगवा. बिचाऱ्यांनी शब्द पाळला. बसल्या जागी पाणी मिळाल्यावर मूळ खाली कशाला जाईल? तुझ्यावर भरवसा ठेवला नाही, याची मला लाज वाटते.

नर्सरीवाल्यांना नाही म्हणून कळवलंय. शेत तुझं. रविवारी येतो. शिंपीकाकांना सांग, आता बादली बास.

पुढच्या पेरणीला मलाही एक ओळ दे. पाणी कधी घालायचं नाही, तेवढं शिकव.

तुझा बाबा