बांधाबाहेरचं ओहोटीफूल

४ ऑक्टो.
आज दुपारच्या ओहोटीला दिसलं. बांधाबाहेर खाजणात, खाडीच्या भरतीच्या चिखलात, त्याच जागी. तीन रोपं, बोटभर उंच, फिकट जांभळी. सुमन असती तर चिखलातच बसली असती. रोह्याला शिकवायची माझी नणंद, दर रविवारी गाडीने कासूला उतरायची ती आमच्यासाठी नव्हे, ह्या ओहोटीफुलासाठी. नावही तिनंच ठेवलेलं. दवाखान्यात म्हणाली, "दुसरीकडं कुठं नाय गो ते. वहिनी, लक्ष ठेव." त्याला वर्ष झालं.

५ ऑक्टो.
जागा चुकू नये म्हणून काठी रोवली, वर सुमनच्या पांढऱ्या ओढणीचं फडकं. ह्यांना सांगितलं नाही, हसतील.
परतताना मागून "वहिनी" अशी हाक आली. खाडीवर मागून आलेल्या हाकेला ओ द्यायची नसते, दिली की खाडी बांधाच्या आत येते म्हणतात. दिली नाही. वारा असेल.

११ ऑक्टो.
उधाण. बांधाला खांड पडली. भात दाण्यात आलेलं, खारं पाणी शिरलं की शेत कामातून गेलं. घरटी माणसं धावली. खाजणातून चिखलाच्या ढेपा कापून हातोहात. मीही रांगेत. अंधाराआधी खांड बुजली.
एका ढेपेत काहीतरी जांभळं दिसलं. हात थांबला नाही.

१२ ऑक्टो.
जागेवर गुडघाभर खड्डा. काठी कडेला नीट ठेवलेली. बांधाचं सगळं बघणाऱ्या नामाभाऊंना विचारलं.
"व्हय वहिनी, फडकं बघूनच कापलं. माती कुठनं काढायची त्याची खूण तीच ना आपली?"
तीच. वीस वर्षं इथं नांदतेय. मला माहीत होतं. फडकं बांधताना कसं सुचलं नाही.

१५ ऑक्टो.
जेवण जात नाही. सुमनची वही काढली. तिनं लिहिलंय: बी चिखलात कितीतरी वर्षं टिकतं, पण खारं पाणी वरून गेल्याशिवाय उगवत नाही. म्हणजे आहे. बांधाच्या पोटात आहे.

२५ ऑक्टो.
ह्यांनी बांधावर आणखी माती ओढली. "आता काय हलायचा नाय." मी म्हटलं, बरं झालं. कापणीला चार दिवस. उद्या पुन्हा उधाण.
संध्याकाळी एकटीच बांधावर गेले. बुजवलेल्या जागी हात ठेवला, ओल अजून आहे. मनात आलं, फुटू दे. आमचंच शेत आहे आत, तरी आलं. स्वतःचीच भीती वाटली.
उठले, तर मागून "वहिनी".
मी ओ दिली.