हीटर मीच दुरुस्त करणार

६ जानेवारी, सकाळ

नात झाली. ठरल्या तारखेच्या बरीच आधी आली, म्हणजे वक्तशीरपणा आजोबांवर गेला. वजन कमी भरलं म्हणून काही दिवस काचेच्या पेटीत ठेवणार आहेत. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की बाळाला ऊब सगळ्यात महत्त्वाची, घरी नेतानाही गारठा लागता कामा नये. लेक आणि बाळ सुरुवातीचे दोन महिने आमच्याकडे राहणार. मी तिथल्या तिथे जाहीर केलं की नात घरी येईल ती माझ्याच गाडीतून. व्याही म्हणाले, त्यांच्या नव्या गाडीत सीटसुद्धा गरम होते. मी नुसता हसलो. इतकं गार हसू मला जमेल असं वाटलं नव्हतं.

परत येताना हीटर लावला. गार हवा आली. बऱ्याच दिवसांनी लावला, त्यालाही जरा वेळ द्यायला हवा.

६ जानेवारी, संध्याकाळ

वेळ दिला. गारच.

ही म्हणाली, गाडी गॅरेजला टाका. मी म्हटलं, ज्या माणसाने उभी हयात कोल्ड स्टोरेजचा सुपरवायझर म्हणून काढली, त्याने हवेच्या तापमानासाठी दुसऱ्याच्या दारात जायचं? ही म्हणाली, तुम्ही उभी हयात गार केलंत, इथे गरम करायचंय. तांत्रिक विषयात हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

संकल्प: नात बहुधा पुढच्या रविवारी, १५ तारखेला घरी येईल, त्याच्या आत हीटर सुरू. स्वतःच्या हाताने.

७ जानेवारी

पद्धतशीर निदानाला सुरुवात. कोल्ड स्टोरेजमध्ये माझा एक नियम होता: आधी काटा बघायचा, मग माणसांवर ओरडायचं. काटा खाली असला की माल सुरक्षित. काटा वर सरकला की माझी झोप गेली. त्याप्रमाणे आधी गाडीत इंजिनाच्या तापमानाचा काटा पाहिला. अगदी तळाला. घरापासून हॉस्पिटलपर्यंत गेलो, परत आलो, पण काटा तसूभर हलला नाही. याला म्हणतात गाडी सांभाळणं. व्याह्यांच्या गाडीत काटा चक्क निम्म्यावर असतो. मी पाहिलंय. बोललो नाही, नातं नवीन आहे.

निष्कर्ष: इंजिन ठणठणीत. दोष अन्यत्र.

फ्यूज बदलला. फरक नाही. पण एक शक्यता बाद झाली.

८ जानेवारी

आत येणाऱ्या हवेचा फिल्टर काढला. पालापाचोळा, धूळ आणि बहुधा एखाद्या उंदराचा संसार निघाला. सगळं साफ केलं. प्रचंड फरक. आता हवा दुप्पट जोराने येते.

गार.

९ जानेवारी

आज मुळाशी हात घातला. बॉनेट उघडून पाहतो तर हिरवट कूलंट काठोकाठ भरलेलं. इंजिन गार ठेवणारं पाणी इतकं भरून ठेवल्यावर गरम हवा येईल कुठून? हे कोणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचंच नवल वाटतं. एक पाइप सोडवून निम्मं काढून टाकलं. पाइप परत बसवला. क्लिप जरा त्रास देत होती, पण बसली म्हणायला हरकत नाही.

शेजारचे वरून बघत होते. त्यांनी विचारलं, काय चाललंय. मी म्हटलं, देखभाल.

१० जानेवारी

गाडीखाली हिरवट ओल दिसली. शेजाऱ्यांची गाडी गळत असणार. त्यांना सांगून आलो. ते म्हणाले, त्यांची गाडी आठवडाभर बाहेरगावी आहे. लोक स्वतःची चूक मान्य करत नाहीत.

आज डॅशबोर्ड उघडला. गरम-गार करायच्या नॉबच्या मागे एक पडदी असते, ती अडकली असावी. पडदी सापडली नाही, पण सगळं होतं तसं बसवलं. थोडे स्क्रू उरले. कंपनीवाले गरजेपेक्षा जास्तच लावतात. नॉब मात्र आता मस्त फिरतो. पूर्वी एका जागी अडायचा, आता कितीही गोल फिरवा.

जावईबापूंचा फोन. म्हणाले, त्यांच्या ओळखीचं गॅरेज आहे, दोन तासांत काम होईल. मी म्हटलं, जवळपास झालंच आहे. स्वभावाने मुलगा चांगला आहे, वडिलांवर गेलेला नाही.

११ जानेवारी

ट्रायल घेतली. मागे बेबी सीट बसवली आणि तिच्या शेजारी हिला थर्मामीटर देऊन बसवलं. शाल घेऊ दिली नाही, कारण बाळाच्या दृष्टीने अनुभव घ्यायचा होता. ही कुरकुरली. मी म्हटलं, नातीसाठी एवढं करता येत नाही? हमरस्त्याने लांब चक्कर मारून आणली.

निकाल आशादायक. गाडीतलं तापमान बाहेरच्यापेक्षा एका अंशाने जास्त भरलं. हिचं म्हणणं, तो एक अंश तिच्या श्वासाचा आहे.

१२ जानेवारी

हिला सर्दी. सकाळपासून शिंका.

दुपारी हॉस्पिटलातून निरोप आला की सर्दी झालेल्या कोणीही बाळाच्या जवळ यायचं नाही, घरी आल्यावरही पूर्ण बरं होईपर्यंत नाही. हिने बाळासाठी शिवलेली दुपटी घडी घालून कपाटात ठेवली आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मला फार वाईट वाटलं. दाराबाहेर थोडा वेळ उभा राहिलो. सर्दी बहुतेक हॉस्पिटलातूनच आणली असणार, तिथे नाना प्रकारचे लोक येतात.

१३ जानेवारी

लेकीचा फोन. आईच्या सर्दीचं कळल्यापासून जरा तोडूनच बोलते. तिने विचारलं, बाबा, गाडी चालताना काटा कुठे असतो? मी अभिमानाने सांगितलं, तळाला. मग म्हणाली की तिने जावयांकरवी गॅरेजला विचारलं होतं. काटा निम्म्यावर यायला हवा. तो तळाला राहतो म्हणजे थर्मोस्टॅट नावाची झडप उघडी अडकली आहे, पाणी सारखं गार होत राहतं. इंजिनच तापत नाही तर हवा कुठून तापणार? हीटर इंजिनाच्याच उष्णतेवर चालतो. आजच्या आज गाडी द्या, उद्या मिळेल.

मी ऐकून घेतलं. बाळंतिणीला उलट बोलू नये.

पण जन्मभर काटा खाली ठेवण्याचा पगार घेतलेल्या माणसाला कोणी सांगावं की काटा वर हवा? शिवाय हे निदान व्याह्यांच्या बाजूने आलेलं आहे, हेही विसरता येत नाही.

१४ जानेवारी, शनिवार

अंतिम योजना. गरम पाण्याच्या पिशव्या, दोन रजया, आणि निघण्याआधी इंजिन भरपूर वेळ चालू ठेवायचं. म्हणजे हीटर हवाच कशाला? खरं तर मी हे पहिल्याच दिवशी करू शकलो असतो, पण मला समस्येच्या खोलात जायचं होतं.

गाडीखाली आज ओल नाही. शेजाऱ्यांनी दखल घेतलेली दिसते.

१५ जानेवारी, रविवार, रात्री

सविस्तर लिहितो, म्हणजे नंतर कोणी वेगळं सांगायला नको.

हॉस्पिटलच्या दाराशी गाडी वेळेवर लावली. लेक बाळाला छातीशी धरून आली. तिने मागचं दार उघडलं, आत हात घातला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि बाहेर काढला. पिशव्या येईपर्यंत कोमट झाल्या होत्या. मग बेबी सीट मीच सोडवली आणि मीच व्याह्यांच्या गाडीत बसवून दिली. अशा वेळी मोठेपणा कोणीतरी दाखवावा लागतो.

जावई गाडी चालवणार होते. लेकीला पुढेच बसायचं होतं, टाके दुखत होते; मागे बेबी सीट आणि सामान सोडून एकाचीच जागा होती. ती मला म्हणाली, आई नाही, तर बाबा तुम्ही बसा बाळाशेजारी. तुमची गाडी इथेच राहू दे, संध्याकाळी कोणीतरी आणेल. व्याही बाजूला उभे होते. ते म्हणाले, बसा ना, मी रिक्षाने येतो. त्यांचा तो समजूतदार चेहरा मला बघवला नाही. मी म्हटलं, माझ्या गाडीला काहीही झालेलं नाही, मी पुढे होतो, तुम्ही मागून या. लेकीने परत एकदा विचारलं. मी किल्ली दाखवली.

मग बाळाशेजारच्या जागेवर व्याही बसले.

अर्ध्या वाटेवर बॉनेटमधून वाफ निघायला लागली. बघतो तर काटा पार वर. ती मंडळी थांबली होती, पण मीच हात करून त्यांना पुढे जायला सांगितलं. गारठ्यात बाळाला ताटकळत ठेवायचं नव्हतं. टोइंगवाला आला तोवर अंधार पडला.

घरी पोचलो तेव्हा बाळ झोपलं होतं. हिने आतल्या खोलीच्या खिडकीतून लांबूनच पाहिलं म्हणे. लेकीने मला पाणी दिलं, जेवून घ्या म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

व्याही अजून बैठकीत होते. ते सगळ्यांना सांगत होते, मला परत सांगितलं, की पोरीने सबंध रस्ताभर त्यांचं बोट घट्ट धरून ठेवलं होतं. वळणावर एकदा डोळे उघडले आणि सरळ त्यांच्याकडेच पाहिलं. हाताला मुंग्या आल्या तरी त्यांनी बोट हलवलं नाही. मी विचारलं, कुठलं बोट? त्यांनी दाखवलं. चहा पितानाही ते बोट कपापासून जरा लांबच धरून बसले होते.

ती जागा लेकीने मला दोनदा देऊ केली होती.