शहाऐंशी फेऱ्या

गुरुजी, तुमची पद्धत मी पुन्हा सुरू केली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की खोडाळ्याच्या बाजारात तुमचा विषय काढला तर चाळिशीच्या आतला माणूस ‘कोन गुरजी?’ म्हणतो. चाळिशीच्या पुढच्याचा हात मात्र आधी नाकाकडे जातो, मग तो हसतो. तुम्हाला तेवढं स्मारक पुरे आहे.

ज्याला उत्तर आलं त्याने उत्तर न आलेल्यांच्या रांगेपुढून जायचं. डाव्या हाताच्या चिमटीत समोरच्याचं नाक धरायचं, म्हणजे त्याला मान फिरवता येत नाही, आणि उजव्या हाताने गालावर ठेवून द्यायची. कानावर नाही, गालावर. कानाच्या बाबतीत तुम्ही काटेकोर होतात, हे मी मान्य करतो. हळू मारली तर तुम्ही खुर्चीवरून उठायचात आणि ‘अशी नाही, अशी,’ म्हणत मारणाऱ्यालाच दाखवायचात. मला ती एकदाच दाखवावी लागली. त्यानंतर माझी थप्पड शाळेमागच्या नागलीच्या शेतात ऐकू जायची, असं बाया सांगत.

माझी मोठी बहीण माझ्याच वर्गात होती, उशिरा घातलेली. सतरा आठे किती, असं तुम्ही विचारता. मी एकशे छत्तीस म्हणतो. रांगेत ती चौथी उभी आहे. ती माझ्या तोंडाकडे बघत नाही, हाताकडे बघते. तिला सर्दी झालेली, नाक ओलं, माझी चिमूट निसटते आणि वर्ग हसतो. मला राग येतो वर्गाचा, आणि बसते ती तिला. त्या दिवशी दुपारी पाण्याची घागर घेऊन मी तुमच्या खोलीवर आलो तेव्हा स्टोव्हवर अंड्याचा रस्सा होता. तुम्ही मला अर्धं अंडं दिलंत, म्हणालात, ‘तू पुढे जाशील. तुला लाज नाही.’ मी ते उभ्या उभ्या खाल्लं. पिवळा भाग शेवटी. बहीण दुसऱ्या दिवसापासून शाळेत आली नाही. घरात कोणी कारण विचारलं नाही, कारण पाणी भरायला माणूस मिळालं होतं. आज ती सही करते, तेवढंच.

पुढे गेलो ते खरं. सातवीनंतर मलाही शाळा नव्हती, पण मी जळके पंप उघडत शिकलो. जळकी तार काढून नवी गुंडाळायची, याला मोटार भरणं म्हणतात. पहिली मोटार भरली ती उलटी फिरली, दुसरीने धूर काढला, तिसरी अजून चालते. फाटक्या हिंदी पुस्तकातून आकृत्या उतरवून घेतल्या. जव्हारला दुकान टाकलं. कोणत्या मोटारीला किती गेजची, म्हणजे किती जाडीची तार, तारेसाठी किती स्लॉट, कॉइलला तारेच्या किती फेऱ्या, याची माझी वही आहे, आणि आयटीआय झालेली पोरं ती चोरून बघायला येतात. म्हणून तर एका आश्रमशाळेने मला, कागदावर सातवी पास माणसाला, नववीच्या मुलांना मोटार भरणं शिकवायला तासिकेवर बोलावलं. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो आहे.

तेवीस मुलं होती. पहिले दोन महिने त्यांनी मान वर केली नाही. प्रश्न विचारला की भिंतीला विचारल्यासारखं. मला एका प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे एका बाईंनी आम्हा चाळीस जणांना गोल उभं करून फुग्यांचा खेळ खेळवला आणि मुलांना प्रेरणा कशी द्यावी ते सांगितलं. फळ्यावर फूल काढायचं, उत्तर आलं की पाकळी रंगवायची. मी पाकळ्या रंगवल्या. एक मुलगा शेजाऱ्याला म्हणाला, ‘गुरजींना बालवाडीत टाकला वाटतं.’ सगळे हसले. दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या वर्गात आवाज झाला आणि तो माझ्यावर झाला. दुसऱ्या दिवशी मी फूल पुसलं आणि मुलांना रांगेत उभं केलं.

आता मुलांवर हात टाकायला कायद्याने बंदी आहे. मी टाकला नाही. मुलांचा हात मुलांवर पडला. आठवड्यात वर्ग असा जागा झाला की बघत राहावं. मी बोलायचा अवकाश, बोटं वर. कॉइलला फेऱ्या घालताना त्यांचे ओठ हलायचे, इतकं मन लावून मोजायचे. मुख्याध्यापक व्हरांड्यातून जाता जाता थांबले, म्हणाले, ‘काय हो, तुमचा वर्ग एकदम जिवंत! जरा आमच्या बीएड झालेल्यांनाही सांगा.’ मी सांगितलं, ‘त्याला शिकावं लागतं, सर.’ तुमची आठवण आली. चांगली आली.

त्यांच्यात एक मुलगी होती. कातकऱ्यांची, साखरशेतच्या बाजूची. आईबाप दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात, म्हणून ती वसतिगृहात. तिचा हात माझ्यासारखा होता. तार ओढताना ताण कुठे सोडायचा हे सांगावं लागलं नाही. तिला मारायला लावलं की ती मारायची, पण मारून झालं की हात स्कर्टला पुसायची. ते मला आवडत नव्हतं.

त्या दिवशी शाळेचीच जळकी मोटार टेबलावर होती. छिन्नीने तिने कॉइल कापली, तारांचे तुकडे, एक तुकडा म्हणजे एक फेरी, वर्तमानपत्रावर दहा-दहाच्या ओळीत मांडले. मी विचारलं, ‘मोठ्या कॉइलला फेऱ्या किती?’

‘शहाऐंशी.’

माझ्या वहीत चौऱ्याऐंशी होत्या. वही टेबलावर उघडी होती आणि पुढच्या बाकावरच्या मुलाने ती वाचली होती. तो ओरडला, ‘चौऱ्याऐंशी!’

‘मोजू का परत?’ तिने विचारलं.

‘वही आधी, मग तू,’ मी म्हणालो. आणि त्या मुलाला खूण केली.

त्याने नाक धरलं, मारली. हळू मारली. मी म्हणालो, ‘अशी नाही.’ त्याने परत मारली. ती रडली नाही. तुकडे गोळा करून तिने वर्तमानपत्राची पुडी केली, माझ्या पुढ्यात ठेवली आणि जागेवर गेली.

दुसऱ्या दिवसापासून तिला काही येईना. प्रश्न आला की सगळ्यांच्या आधी उभी राहायची, ‘येत नाही’ म्हणायची आणि मार खायच्या रांगेत जाऊन नाक पुढे करायची. हात मात्र कॉइल बिनचूक भरत होते. मी प्रश्न सोपा केला, आणखी सोपा केला. शेवटी तार वर धरून विचारलं, ‘हिचा रंग कोणता?’

‘येत नाही.’

वर्ग फुटला. हसता हसता दोघं-तिघं ‘येत नाही, येत नाही’ म्हणत तिच्या मागे रांगेत जाऊन उभे राहिले. मग निम्मा वर्ग, मग सगळाच. मारायला कोणी उरेना. तेव्हा मी पुढे झालो आणि कायदा मोडला. एकच. गालावर.

रविवारी ती वसतिगृहातून घरी गेली आणि परत आली नाही. आठ दिवसांनी मी तिच्या पाड्यावर गेलो. भट्टीवर निघायची तयारी चालली होती. कोंबड्या टोपलीत, भांडी गोधडीत. ती गाठ मारत बसली होती. बाप उठला, खाट झटकली. मी खाटेवर बसलो नाही. म्हणालो, ‘पोरगी हुशार आहे. तिला नेऊ नका. हिचं आयुष्य भट्टीत घालाल.’

बाप म्हणाला, ‘गुरजी, भट्टीवर बी मारतात. पन तिथं मजुरी तरी भेटते.’ आणि हसला, जसं पाहुण्याच्या थट्टेवर हसतात तसं.

मी तिला म्हणालो, ‘चल. आता कोणी मारणार नाही.’

तिने गाठ दातांनी आवळली. ‘तुमी मोजल्यात का?’

‘मला मोजायची गरज पडत नाही.’

‘मंग नको,’ ती म्हणाली आणि दुसरं गाठोडं पुढे ओढलं. आईने मला कोरा चहा दिला. तो मी संपवला, चांगला होता, आणि निघालो.

गुरुजी, तुमचं उत्तर कधी चुकलं होतं का? मला माहीत नाही. आमच्यापैकी कोणी मोजलं नव्हतं. मी मात्र दुकानात येऊन ती पुडी उघडली. एकदा मोजली, दोनदा मोजली, मग दहा-दहाच्या ओळी करून तिसऱ्यांदा मोजली. शहाऐंशी. वहीत मी दुसऱ्या कंपनीच्या मोटारीचा आकडा उतरवला होता. दोन फेऱ्यांनी मोटार जळत नाही, हे कोणीही सांगेल. वहीत दुरुस्ती केली, खाडाखोड दिसू नये म्हणून ते पान नव्याने लिहिलं आणि तांबं भंगारात घातलं. वर्गाला सांगितलं नाही. हजेरीपटात तिच्या नावापुढे ‘पालकांसह स्थलांतर’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. ते खोटंही नाही. वर्ग पुन्हा भिंत झाला आहे, आणि रांग मी आता लावत नाही; लावली तरी मारायला कोणी पुढे येणार नाही.

हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि असती तरी टाकलं नसतं. तुम्ही वाचून म्हणाला असतात, ‘मुलगी उद्धट होती.’ आणि मला ते पटलं असतं.

तिचे आईबाप ज्या भट्टीवर जातात ती मला माहीत आहे. वसईच्या अलीकडे. मुकादम इकडचाच, म्हणून तिथला पाण्याचा पंप माझ्याच दुकानात भरायला येतो आणि बसवायला मी जातो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला, मोटार जळाली, या लवकर, माणसं पाण्यावाचून खोळंबलीत. मी त्याला दुसऱ्या मिस्त्रीचा नंबर दिला.