अर्धा फेरा वाफ

लिहून ठेवते मी, वय वर्षे बाहत्तर, सायझिंग शेडची मालकीण. डोके ठिकाणावर आहे, कोणाची जबरदस्ती नाही. माझे अक्षर आता मलाच लागत नाही म्हणून मी सांगते आणि मुलगा लिहितो. सही मात्र मीच करणार.

१. राहते घर मुलगा आणि मुलगी यांना निम्मे निम्मे. गच्चीवरून भांडू नये. ती गळते.

२. जाऊबाईंनी चार दिवसांसाठी नेलेले शिलाई मशीन चौदा वर्षे झाली तरी परत आले नाही. ते मी त्यांनाच देते. आता तरी त्यांनी माझ्या मुलांना पाहून रस्ता बदलू नये.

३. सायझिंगची, म्हणजे सुताला खळ लावायची शेड. इथे आधी एक कबुली.

खळ लावलेला ताणा, म्हणजे मागावरचे उभे सूत, वाफेच्या गरम सिलिंडरांवरून सुकत जातो. ओला राहिला तर धागे चिकटतात, बुरशी धरते. ह्यांना त्याची एवढी धास्ती, की वाफ पूर्ण सोडून ताणा कडकडीत करायचे. मग मागावर खळीची भुकटी झडे आणि धागे पटापट तुटत. विणकर भाऊजी दारात येऊन ओरडायचे, "वहिनी, हे सूत आहे की काटक्या?"

सुतात थोडा ओलावा हवाच. किती, ते धागा गालाला लावला की मला कळायचे. पण ह्यांना सांगणार कोण? हे अकराला चहाला गेले, की मी वाफेचा व्हॉल्व्ह अर्धा फेरा बंद करायचे. एकतीस वर्षे केले. न तुटणाऱ्या ताण्यासाठी ह्यांचे नाव झाले, हे ताठ मानेने फिरले. मला त्याचा फार आनंद झाला, अजून होतो.

(इथे मुलाचे पेन थांबले. लिही म्हटले, लिही.)

मुलगा बापावर गेला आहे, तोही वाफ पूर्ण सोडतो. गेल्या वर्षी सूनबाईला मी व्हॉल्व्हपाशी रंगेहाथ पकडले. ती गोरीमोरी झाली, मी तिला मिठीच मारली. म्हणून शेड, बॉयलर, सिलिंडर, सगळे तिच्या नावे. यावरून नवरा-बायकोत अढी पडू नये, एवढीच मला धाकधूक आहे.

लिहून देणार: मी स्वतः (सही)

साक्षीदार, ज्यांच्यादेखत मी सही केली:
विणकर भाऊजी (सही)
बॉयलरवाले काका (अंगठा)

ठिकाण: शेडमागचे स्वयंपाकघर
दिनांक: सोळा, शेडच्या सुट्टीचा वार

लिहिणार, मुलगा: आईने सांगितले ते शब्दशः लिहिले. तिसरे कलम मला आनंदाने मान्य आहे. शेड हाती देताना बाबांनी मला एकच गोष्ट बजावली होती: "अकरा वाजले की बाहेर जायचं. चहा नको असला तरी जायचं." का, ते त्यांनी सांगितले नाही. आज लिहिताना कळले.

(सही)