टाइपस्क्रिप्टचा होकार

३ एप्रिल
गल्लीतल्या बायका नळाच्या दोन पाळ्यांमधलं दिवसांचं अंतर मोबाइलवरून भरतात. पुढचं पाणी कधी, ते माझा प्रोग्राम सांगतो. जावास्क्रिप्टमध्ये लिहिलाय. आज म्हणाला, पुढच्या महिन्यात. तेवढ्यात नळ सुटला.

४ एप्रिल
चूक सापडली. मोबाइलवरून आलेले चार या भाषेच्या लेखी आकडा नव्हे, मजकूर. सावधगिरीचा एक दिवस मिळवायचा होता. तिनं चारशेजारी एक ठेवून एक्केचाळीस केले. तक्रार नाही. काहीही गिळून गप्प बसणारी माणसं मला आवडत नाहीत.

६ एप्रिल
प्रोग्राम आता टाइपस्क्रिप्टमध्ये. जावास्क्रिप्टचीच बहीण, पण दारातच उलटतपासणी. हा आकडा की मजकूर? कुठून आला? शंका आली की त्या ओळीखाली लाल रेघ. दिवस लाल रेघा पुसण्यात गेला.
बायको सुधा: "बँकेत केवायसी मागितली तर भांडता. इथं बरं हौसेनं देताय!"

८ एप्रिल
समोरच्या पद्माक्का. मुलीची हळद रविवारी.
"सर, रविवारी पाणी येतंय का तेवढं सांगा की. नसंल तर टँकर आजच सांगाय लागतंय. लगीनसराई हाय, मागनं मिळत न्हाय."
"उद्या सांगतो."
"व्हॉल्व्हमन बी असंच म्हणतोय."

९ एप्रिल
एकही लाल रेघ नाही. उत्तर: रविवार. सांगितलं. टँकर नको म्हणाल्या. "तुमच्यावर हाय बघा."
टाइपस्क्रिप्टसारखी चौकस बाई इतक्या लवकर गप्प कशी झाली?

१० एप्रिल
पद्माक्कांच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड. त्या देवनागरी पाच भरतात. प्रोग्रामला त्याचा आकडा करता येत नाही. हाती येतं ते 'संख्या नाही' अशा नावाचं मूल्य. आणि टाइपस्क्रिप्टच्या दप्तरी त्याचा प्रकार: संख्या. म्हणून सोडलं आत. अंतर कळलं नाही तर मागचंच, म्हणजे चारच, धरावं, ही ओळ माझी.
रोज या वहीत देवनागरी आकडे लिहितो. सुचलं नाही.

दुरुस्त केलं. आता सोमवार म्हणते. यावेळीही लाल रेघ नाही.

जावास्क्रिप्टकडे परत जावं? ती निदान कसलं आश्वासन...

संध्याकाळी पद्माक्कांना सांगून आलो. मांडवाचे बांबू उतरवून घेत होत्या.
"मग कालचं खोटं का आजचं?"
मी बांबूला हात लावायला पुढे झालो.
"बोला की सर."
टँकरवाल्याला फोन लावतोय. उचलत नाही.