नवऱ्याचा केसपेपर

गुलबर्गा,
९ सप्टेंबर १९७९

ती. अण्णांस गुरुराजचा नमस्कार.

पत्र पोचलं. आईचा गुडघा आता कमी दुखायलाय, हे वाचून बरं वाटलं. इकडं तुरीला अजून एक पाऊस हवा.

नलिनीला माहेरी धाडून उदगीरची मुलगी करावी, असं लिहिलंत. आधी दवाखान्यातलं सांगतो.

माझ्या हाताखाली चार शिकाऊ डॉक्टर आहेत. मूल होत नाही म्हणून जोडपं आलं की ते बाईला आत घेतात आणि नवऱ्याला बाहेर बसवतात. गेल्या मंगळवारी राजेश्वर गावची एक बाई चौथ्यांदा आली. तिच्यात काही दोष नव्हता. नवऱ्याला कुणी तपासलंच नव्हतं. कामून, म्हणून विचारलं. त्यांच्यातला भगवानराव म्हणाला, पुरुष नसबंदीच्या भीतीनं पळतात, सर. आणीबाणी जाऊन दोन वर्षं झाली, भीती गेली नाही.

मी नवऱ्याला आत बोलावलं. चौघांना म्हणालो, कसं बोलायचं ते बघा.

"माझ्यात खोट हाय म्हणायलाव का?" तो उभाच राहिला.

"ठाऊक न्हाई. माझ्यात हाय," मी म्हणालो. "सहा वर्षांमागं तपासून घेतलं. वीर्यात बीजच न्हाई, त्याला औषध न्हाई. तुमच्याला औषध असंल तर बघू द्या."

तो खाली बसला. मग तो तयार झाला. अंडाजवळच्या शिरा फुगलेल्या निघाल्या. त्याला विचारून चौघांनी त्या हातानं ओळखल्या. शुक्रवारी शस्त्रक्रिया झाली. मूल होईलच असं नाही. पण भगवानराव आता नवऱ्याचा केसपेपर आधी काढतो.

वाचलंत ना अण्णा? परक्या माणसाला सांगितलं ते मी नलिनीला सांगितलं नव्हतं. ती सोमवार धरायची, आईचे टोमणे ऐकायची, आणि मी शेजारी बसून जेवायचो. त्या दिवशी घरी येऊन सांगितलं. "ठाऊक असून मला उपास करू दिलेत?" एवढंच म्हणाली. त्यानंतर बोललेली नाही. तिला तो हक्क आहे.

वरिष्ठांनी मला समज दिली, घरातलं शिकाऊंपुढं काढू नका म्हणून. या मंगळवारी पुन्हा काढणार आहे.

उदगीरला नकार कळवताना कारण खरं लिहा. हे पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवा. तुम्हाला जमलं नाही तर दिवाळीला येऊन मी वाचतो, पाहुण्यांदेखत.

ज्याला मूल होणार नाही असा तुमचा धाकटा भाऊ,
गुरुराज